रेल्वेविना जुन्नरची पेठ

रेल्वे आली नाही म्हणून जुन्नर मागे पडले, असे सर्रास सांगितले जाते, आणि नकाशा समोर घेतला तर ते पटतेही. १८५८ साली पुण्याला आगगाडी आली. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रूळ वर चढले, १८७८ साली दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला. दक्षिणेला, उत्तरेला आणि पूर्वेला रूळ पडले; मधला जुन्नर–आंबेगावचा मुलूख तसाच राहिला. तरीही हे म्हणणे अर्धेच खरे आहे. रेल्वेने जुन्नरचा दूरचा व्यापार नेला आणि त्याहून जास्त माणसे नेली. पेठ मात्र तिला नेता आली नाही. हे वेगवेगळे परिणाम एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीचे जुन्नर आपल्याला केवळ पडझडीचे गाव वाटते.

आधी जे गेले त्याविषयी. जुन्नरचे मोठेपण नाणेघाटावर उभे होते. सोपारा–कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढे. इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे संघटित बाजार होता. पुढे वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांनी हीच वाट चालवली. नगर–नाशिककडचे धान्य वाघिणीत भरून थेट मुंबईला जाऊ लागले, तेव्हा बैलाच्या पाठीवरच्या गोणीला ती स्पर्धा झेपणे शक्यच नव्हते. पण घाट ओस पडला नाही. १९०८ च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्येही कोकणात उतरणाऱ्या धान्याची आणि मालाची साठवणुकीची जागा म्हणून जुन्नरची नोंद आहे. घाटाचा पल्ला तेवढा आखूड झाला: वरून धान्य उतरायचे, खालून मीठ चढायचे, आणि हा व्यवहार मुरबाडच्या पट्ट्याशी होता, सातासमुद्रापारच्या बाजाराशी नव्हता.

जुन्नरी कागदाचे काय, असा आक्षेप इथे येतो, आणि तो वजनदार आहे. इथल्या कागदी मुसलमान घराण्यांचा हा धंदा पेशवाईत नावाजलेला होता. लगदा कुटायचा, नदीत धुवायचा, चाळणीवर पातळ थर उचलायचा, खळ लावून घोटायचा, अशा मेहनतीने तयार झालेला कागद दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तो धंदा विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ बुडाला. पण त्याला बुडवले युरोपातून येणाऱ्या स्वस्त कागदाने. रूळ जुन्नरच्या वेशीपर्यंत आले असते तर तो कागद आणखी लवकर आणि आणखी स्वस्तात पोचला असता; कागद्यांना त्यातून दिलासा मिळाला नसता. शिवाय जुन्नरची उतरण रेल्वेच्या कितीतरी आधीची आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने आपली गादी इथून अहमदनगरला नेली ती पंधराव्या शतकाच्या शेवटी. पेशव्यांच्या काळात सत्तेबरोबर बाजारही पुण्याला गेला. जे दोनदा आधीच गेले होते, त्याचा सगळा दोष तिसऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही.

मग उरले काय? जनगणनेचे आकडे मला बोलके वाटतात. १८८१ साली जुन्नरची वस्ती दहा हजारांच्या थोडी वर होती, १९०१ साली दहा हजारांच्या थोडी खाली. मधल्या वीस वर्षांत १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले, प्लेगची साथही सुरू झाली. एवढे सोसून गाव जवळपास तेवढेच राहिले, कारण पेठेची मुळे तालुक्यात होती. मामलेदार कचेरी होती, १८६१ पासून नगरपालिका होती. कल्याण पेठ, सदाबाजार पेठ अशा वस्त्या होत्या. मावळातला महादेव कोळी भात आणि हिरडा विकून मीठ, कापड, तांब्या-पितळेची भांडी नेई. याउलट अमेरिकेत इलिनॉय सेंट्रल रेल्वेने १८५० च्या दशकात मार्गालगत एका साच्याची गावे आखली; तिथला मुख्य रस्ता स्थानकामुळे जन्मला आणि गाडीच्या वेळेवर चालला. आपल्याकडे दौंड, कुर्डुवाडी त्याच जातीची. जुन्नरची पेठ आठवडे बाजाराच्या दिवसावर चालायची. कोणी बार्शीचा दाखला देईल: १८९७ साली छोटी रेल्वे आली आणि बार्शीच्या बाजाराला केवढे बळ मिळाले! पण ती रेल्वे पुढे लातूरकडे जाऊ शकली, कारण बार्शीच्या पाठीशी सपाट, कापूस-गळिताचा मुलूख होता. जुन्नरच्या पाठीशी सह्याद्रीचा कडा आहे.

रेल्वेचा खरा घाव माणसांवर पडला, आणि तो या चर्चेत क्वचितच मोजला जातो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतली तरुण पोरे मुंबईला गेली. तिथले डबेवाले प्रामुख्याने याच तालुक्यांतले, आणि त्यांचा सगळा धंदा लोकलगाडीवर उभा. ज्यांच्या गावाला स्थानक नव्हते, त्यांनीच मुंबईची रेल्वे आपल्या कष्टांनी उपयोगात आणली. १८८० पासून टपालखात्याची मनीऑर्डर होती. हंगाम बुडालेल्या वर्षीही पेठेतल्या किराणा दुकानात उधारी फिटत असेल, तर तिच्यात मुंबईच्या घामाचा वाटा होता, असे मानायला हरकत नाही. पण त्यासाठी घरे अर्धी रिकामी झाली आणि शेतीचा भार बायकांवर आला. स्थानक नसण्यापेक्षा ही किंमत फार मोठी होती.

पेठेचे खरे स्थलांतर पुढे मोटारीने घडवले. पुणे–नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव आणि मंचर वाढत गेले, आणि रस्त्यापासून आत असलेले जुन्नर मालाच्या उलाढालीत मागे राहिले. नंतर कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाणी दिले तसे गिळलेही: घोड नदीकाठचे मूळ आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयाखाली गेले. आज पुणे–नाशिक रेल्वेची मागणी जोरात आहे आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला होणाऱ्या व्यत्ययावरून तिचा मार्ग वादात आहे. नारायणगावचा टोमॅटो मात्र ट्रकने देशभर जातोच आहे.