काय काम करता, हे विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई



दवाखान्यात केसपेपर काढताना आपलं नाव विचारतात, वय विचारतात, गाव विचारतात. कामाचं विचारलंच तर 'घरकाम' नाहीतर 'मजुरी' असं लिहून मोकळे होतात. आज मी तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगणार आहे, जिनं ही एवढीशी जागा नीट भरायची म्हणून सगळं शहर पालथं घातलं. तिचं नाव डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन.

जन्म 1869 चा, अमेरिकेतला. डॉक्टर होऊन 1897 साली ती शिकागोला शिकवायला आली आणि 'हल हाउस' नावाच्या संस्थेत राहू लागली. ही संस्था गरीब कामगारांच्या वस्तीत होती. परदेशातून पोटासाठी आलेली माणसं आजूबाजूला राहायची. धडधाकट माणूस कामाला लागायचा आणि काही महिन्यांत पोटात मुरडा येऊन अंथरूण धरायचा. कुणाची मनगटं लुळी पडायची, हातात चमचासुद्धा धरवायचा नाही. शेजारपाजारचे म्हणायचे, नशीब. मालक म्हणायचे, दारू पितो, हात न धुता जेवतो, दुसरं काय होणार!

हे होतं शिशाचं विष. शिसं म्हणजे आपल्याला अनोळखी वस्तू नव्हे. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशाचाच असतो. रंग, भांड्यांवरची चकाकी, बॅटऱ्या, नळाचे सांधे अशा कितीतरी ठिकाणी तेव्हा शिसं वापरत. ते अंगात साठत जातं. पोटुशी बाई असेल तर बाळापर्यंत पोचतं.

1910 साली इलिनॉय राज्यानं कामामुळे होणाऱ्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि ते काम अ‍ॅलिसबाईंकडे आलं. शिशाचा शोध त्यांनी स्वतःकडे घेतला. पण शोधायचं कसं? कुठल्या कारखान्यात शिसं वापरतात याची यादी कुणाकडे नव्हती. कोण आजारी पडलं, कोण गेलं, याची नोंदही नव्हती. त्यांनी इस्पितळांचे कागद चाळले. रोगी तंबाखू किती खातो, दारू किती पितो, कॉफी किती पितो, सगळं लिहिलेलं! पण हे विष याच्या अंगात आलं कुठून, ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मग बाई पायी निघाल्या. डॉक्टरांना, औषधाच्या दुकानदारांना, कामगार पुढाऱ्यांना भेटल्या. कारखान्यात मुकादमासमोर कोण तोंड उघडणार? म्हणून त्या कामगारांच्या घरी जायच्या.

एकदा त्यांना इस्पितळात एका पोलिश कामगाराची नोंद सापडली. शिशाची सगळी लक्षणं होती आणि काम होतं लोखंडी बाथटबला एनॅमलचा पांढरा मुलामा देण्याचं. या कामात शिसं असतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्या कारखान्यात गेल्या. तिथं सगळं दाखवलं, शिसं कुठंच नाही. दुसरी कुणी असती तर 'नाही' असं लिहून परतली असती. बाई त्या माणसाचं घर शोधत गेल्या. तो म्हणाला, तुम्हाला दाखवली ती जागाच वेगळी. टबचं खरं काम होतं दूरच्या दुसऱ्या कारखान्यात. तिथं भट्टीतून काढलेल्या लालबुंद टबवर भुकटी चाळणीनं भुरभुरवत आणि तिची धूळ माणसांच्या नाकातोंडात जाई. भुकटी तपासली, तर तिच्यात 20 टक्क्यांपर्यंत शिसं निघालं.

अशा 578 जणांची त्यांनी खात्रीनं नोंद केली. खात्रीनं म्हणजे डॉक्टरनं निदान केलेलं हवं किंवा हिरडीवर शिशाची काळसर रेघ दिसायला हवी. नुसत्या संशयावर एकही नाव घेतलं नाही, कारण एक चुकलं की बाकी सगळी खोटी ठरवायला लोक टपलेलेच होते. हात न धुतल्याचा दोष कामगाराच्या माथी मारत होते, पण मुख्य विष जात होतं श्वासातून, धुळीतून आणि वाफेतून. म्हणजे सुधारायचा होता तो कारखाना.

नॅशनल लेड कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांना आपली माणसं आजारी पडतात हे आधी खरंच वाटेना. सिद्ध करा, म्हणाले. बाईंनी इस्पितळात जावं लागलेल्या 22 जणांची माहिती समोर ठेवली. गृहस्थ दिलेल्या शब्दाला जागले. धूळ आणि वाफ अडवायची सोय केली, कामगारांना तपासायला डॉक्टर नेमले. 1911 साली राज्यात कायदाही झाला, त्यात धोक्याच्या कामावरच्या माणसांची दरमहा तपासणी आली.

1919 साली हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना शिकवायला बोलावलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, अशी अट घातली! 1970 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या 101 व्या वर्षी त्या गेल्या. त्याच डिसेंबरात अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा देशभरासाठीचा कायदा झाला. कामावरच्या दुखापती आणि आजार लिहून ठेवणं मालकांना बंधनकारक झालं.

आपल्याकडेही 1948 च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवायच्या आजारांची यादी आली. तिच्यात पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. पण मैत्रिणींनो, आपल्यातल्या किती जणी कारखान्यात जातात? विड्या घरी वळल्या जातात. ऊस फडात तोडला जातो. फवारणी चालू असते तेव्हा आपण शेजारच्या ओळीत खुरपत असतो. जुन्या बॅटऱ्या कुणाच्या तरी परसात फुटतात. इथं हजेरीपटच नाही, मग आजाराची नोंद कोण ठेवणार? खोकला झाला की आपणही म्हणतो, वयच झालं.

म्हणून आजच्या भागातून एवढंच घेऊन जा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणच सांगायचं. 'मजुरी' म्हणून थांबायचं नाही. विड्या वळते, रोज इतके तास, इतकी वर्षं. फवारणीनंतर दोन दिवस डोकं दुखतं. ते केसपेपरवर लिहून घ्यायचं आणि कागद जपून ठेवायचा. बचत गटात एकाच कामाच्या चार बायकांना एकच दुखणं असेल, तर वहीत नावं, काम आणि तारीख लिहा. ती वही आशाताईंना दाखवा, आरोग्य केंद्रात न्या.

अ‍ॅलिसबाईंनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडेही याहून जास्त काही नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.