वादचर्चेच्या मंचावर कोण? अमेरिकेतील प्राथमिक निवडणुका आणि जनमत चाचण्या

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपल्याकडच्याप्रमाणे पक्षश्रेष्ठी ठरवीत नाहीत. राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून तो निवडला जातो. त्याच्या कितीतरी महिने आधी इच्छुकांच्या दूरचित्रवाणीवर वादचर्चा होतात. इच्छुक पुष्कळ आणि वेळ थोडा. त्यामुळे मंचावर कोणाला घ्यायचे हे मुख्यत्वे जनमत चाचण्यांवरून ठरविले जाते.

२०१५ साली रिपब्लिकन पक्षात १७ इच्छुक होते. ६ ऑगस्ट रोजी क्लीव्हलँड येथे झालेल्या पहिल्या वादचर्चेसाठी फॉक्स न्यूजने पाच ताज्या राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी काढून पहिल्या दहांना मुख्य मंच दिला. उरलेल्या सातांची चर्चा त्याच दिवशी आधी उरकण्यात आली.

डेमोक्रॅटिक पक्षाने २०१९ मध्ये वेगळी वाट धरली. तीन मान्य चाचण्यांत किमान १ टक्का पाठिंबा किंवा ६५,००० देणगीदार, यांपैकी एक अट पुरेशी होती. जूनमध्ये मायामीत दोन रात्रींत २० जण बोलले. सप्टेंबरसाठी मात्र चार चाचण्यांत २ टक्के आणि १,३०,००० देणगीदार अशी दुहेरी अट आली.

खरी मेख ‘मान्य’ या शब्दात आहे. कोणत्या संस्थांच्या चाचण्या धरायच्या, हे पक्षच ठरवितो. मोंटानाचे गव्हर्नर स्टीव्ह बुलक यांची एक चाचणी अमान्य झाली, कारण तीत नावांची यादी वाचून न दाखविता मतदारांनाच नाव विचारले होते. वास्तविक न सुचविता नाव आठवणे हे अधिक पक्क्या पाठिंब्याचे लक्षण. तरीही बुलक मायामीला मुकले. तुलसी गॅबर्ड यांच्याकडे पुरेसे देणगीदार होते, पण मान्य चाचण्या दोनच भरल्या. सप्टेंबरच्या मंचावर त्या नव्हत्या.

संख्याशास्त्राची अडचण याहून मूलभूत आहे. २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाने किमान ८०० मतदारांच्या चाचण्यांत १ टक्क्याची अट घातली. ८०० जणांत १ टक्का म्हणजे आठ माणसे. खरा पाठिंबा नेमका १ टक्का असला, तरी नमुन्याच्या योगायोगाने तो अर्धा किंवा दीड टक्काही दिसू शकतो. शिवाय अपरिचित उमेदवाराला चाचणीत पाठिंबा कमी, म्हणून मंच नाही. आणि मंच नाही, म्हणून परिचय नाही.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला मिलवॉकीत आठ जण उभे राहिले. चाचण्यांत सर्वांच्या पुष्कळ पुढे असलेले डोनाल्ड ट्रम्प मात्र तेथे आलेच नाहीत.