काचेच्या बशीत न वाढणारा जंतू

रोगजंतूंचा पाठ शिकवताना आपण रॉबर्ट कॉख यांच्या कसोट्या फळ्यावर लिहितो. जंतू रोग्याच्या शरीरात सापडला पाहिजे, तो शरीराबाहेर पोषणद्रव्यावर वाढवता आला पाहिजे आणि असा वाढवलेला जंतू टोचल्यावर निरोगी प्राण्याला तोच रोग झाला पाहिजे. मग वर्गातली एखादी चौकस मुलगी विचारते, “सर, जंतू वाढलाच नाही तर?” हा प्रश्न टाळू नये. कुष्ठरोगाचा जंतू आजवर कोणाच्याही बशीत वाढलेला नाही.

हा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ साली रोग्यांच्या गाठींमध्ये पाहिला. त्या काळी कुष्ठरोग आनुवंशिक समजला जाई. हान्सेन यांचे वरिष्ठ आणि सासरे दानिएलसेन हे त्या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. मताचा परिणाम साधा नव्हता. रोग रक्तातच आहे म्हटले की रोग्याबरोबर त्याच्या मुलाबाळांवरही शिक्का बसतो. आपल्याकडे त्याला पूर्वजन्मीच्या पापाचीही जोड मिळाली होती. म्हणून जंतू सिद्ध होणे महत्त्वाचे होते, आणि नेमके तेच जमेना. जंतू वाढेना, प्राण्यांना रोग होईना. अखेर हान्सेन यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. तिने तक्रार केली, खटला झाला आणि १८८० साली हान्सेन यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले. शोधाचा गौरव करताना ही गोष्टही विद्यार्थ्यांना सांगावी, असे आम्हाला वाटते.

पुढची ऐंशी वर्षे गाडे तिथेच अडले. १९६० साली शेपर्ड यांनी उंदराच्या तळपायात हा जंतू थोडाफार वाढतो असे दाखवले. १९७१ मध्ये आर्माडिल्लो सापडला. हा अमेरिकेतला कवचधारी सस्तन प्राणी, आपल्या खवल्या मांजराची आठवण करून देणारा. त्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा कमी असते आणि कुष्ठरोगाच्या जंतूला थंड जागाच मानवते. रोग माणसाच्या त्वचेत आणि हातापायांच्या नसांत घर करतो, त्याचे एक कारण हेच. तरीही एकाचे दोन व्हायला या जंतूला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत तेच काम वीस मिनिटांत उरकतो!

जंतू वाढत नसेल तर त्याचे जनुकच वाचावेत, हा मार्ग पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील स्ट्युअर्ट कोल आणि ब्रिटनच्या सँगर केंद्रातील त्यांचे सहकारी यांनी धरला. क्षयाच्या जंतूचा जनुकसंच त्यांनी १९९८ साली पूर्ण वाचला होता. त्यात सुमारे चार हजार जनुके निघाली. मग त्याच्या या भावाची पाळी आली. वाचनासाठी निवडलेला वाण मूळचा तामिळनाडूतील एका रोग्याचा, आर्माडिल्लोच्या शरीरात वाढवलेला. फेब्रुवारी २००१ मध्ये ‘नेचर’ने तो जनुकसंच छापला. मानवी जनुकसंचाचा मसुदाही याच नियतकालिकात त्याच महिन्यात आला, त्यामुळे या बिचाऱ्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

पाहण्यासारखे मात्र बरेच होते. साधारण ३३ लाख अक्षरांच्या त्या मजकुरात चालू स्थितीतील जनुके जेमतेम सोळाशे होती. अकराशेहून अधिक जनुके मोडकी, निकामी झालेली होती. ओळखू येतात, पण कामाची नाहीत. जुन्या वाड्यातल्या पडक्या खोल्यांसारखी. सजीव पेशींच्या आत राहता राहता या जंतूने स्वतः करण्याची कामे एकेक करून सोडून दिली. भोवतालचे लोह गोळा करण्यासाठी क्षयाचा जंतू जे द्रव्य तयार करतो, ते बनवणारी जनुके इथे नाहीत. ऊर्जा मिळवण्याचे कित्येक मार्गही बंद झालेले. बशीतल्या पोषणद्रव्यावर तो का वाढत नाही, याचे उत्तर या पडझडीत आहे. मात्र काय हरवले ते कळले तरी जंतू वाढवण्याची कृती अजून कोणाला साधलेली नाही.

उपयोग दुसरीकडे झाला. रिफाम्पिसिन हे औषध एखाद्या रोग्यावर चालेल की नाही हे ठरवायला उंदरांच्या तळपायांवर कित्येक महिने घालवावे लागत. आता एका ठराविक जनुकातील बदल तपासून ते काही दिवसांत कळते.

शिवाय जंतूचा प्रवासही उलगडू लागला. २००५ मध्ये कोल यांच्या गटाने निरनिराळ्या देशांतील वाण ताडून पाहिले, तेव्हा ते एकमेकांशी कमालीचे सारखे निघाले. रोग पूर्व आफ्रिका किंवा पश्चिम आशियात उगम पावून माणसांबरोबर पसरला आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेला, असे त्यांनी मांडले. आर्माडिल्लोला तो माणसाकडूनच लागला. उगमाबद्दल मात्र वाद आहे. २००९ मध्ये राजस्थानातील बालाथल येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यावर कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचे प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ होते. २०१८ मध्ये युरोपातील मध्ययुगीन हाडांतून जंतूच्या इतक्या शाखा मिळाल्या की उगम तिकडेच कुठे तरी असावा, अशीही शक्यता पुढे आली.

आणि २०१६ साली इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावरील तांबड्या खारींत हा जंतू सापडला. तिथल्या माणसांतून रोग कित्येक शतकांपूर्वी नाहीसा झाला होता. खारींतील वाण विंचेस्टर येथे पुरलेल्या मध्ययुगीन रोग्याच्या वाणाशी जुळला.