वॉरबर्ग यांचे निरीक्षण आणि विकरांचे नियंत्रण : कर्करोगातील चयापचयाच्या संशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

अचूक निरीक्षण आणि सदोष निष्कर्ष एकाच संशोधकाच्या नावावर नोंदले गेल्याची उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात आढळतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग (१८८३–१९७०) यांचे कर्करोगविषयक संशोधन हे त्यांपैकी एक होय. त्यांच्या निरीक्षणाचा अर्थ लावण्यासाठी विकरांच्या रासायनिक नियंत्रणाचे ज्ञान आवश्यक होते. ते अनेक दशकांनंतर उपलब्ध झाले. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

निरीक्षण आणि वाद

१९२० च्या दशकात बर्लिनमधील डालेम येथे वॉरबर्ग यांनी ऊतींचे पातळ काप घेऊन, वायूचा दाब मोजणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने त्यांचे श्वसन मोजले. कर्कपेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही मोठ्या प्रमाणात ग्लुकोज वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात, असे त्यांना आढळले. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे केवळ २ रेणू मिळतात, तर पूर्ण ऑक्सिडीकरणातून सुमारे ३० मिळतात. झपाट्याने वाढणाऱ्या पेशीने असा तोट्याचा मार्ग का पत्करावा? पेशीची श्वसनयंत्रणा बिघडते आणि हा बिघाडच कर्करोगाचे मूळ कारण होय, असे उत्तर वॉरबर्ग यांनी दिले.

१९३१ चे नोबेल पारितोषिक त्यांना श्वसन-विकराच्या संशोधनासाठी मिळाले होते, कर्करोगाच्या सिद्धान्तासाठी नव्हे. १९५६ मध्ये सिडनी वाइनहाउस यांनी अनेक अर्बुदांचे श्वसन शाबूत असल्याचे दाखवून या सिद्धान्तावर आक्षेप घेतला. वॉरबर्ग अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. पुढे संशोधकांचे लक्ष जनुकांकडे वळले आणि सिद्धान्ताबरोबर निरीक्षणही मागे पडले.

फॉस्फेटची भूमिका

१९५५ मध्ये सिअ‍ॅटल येथे एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी स्नायूंतील फॉस्फोरिलेज या विकराचा अभ्यास केला. त्यावर फॉस्फेटचा गट जोडला गेला की विकर कार्यक्षम होते आणि तो गट निघाला की त्याची क्षमता घटते, हे त्यांनी सिद्ध केले. विकराचे प्रमाण न बदलताही पेशी त्याचे कार्य बदलू शकते, हा यातून मिळालेला बोध होता. या कार्याला १९९२ चे नोबेल पारितोषिक लाभले.

१९७९ मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटमधील टोनी हंटर यांना टायरोसिन या अमिनो आम्लावरही फॉस्फेट जोडला जात असल्याचे आढळले. प्रयोगातील जुन्या बफर द्रावणाचा सामू किंचित उतरला होता. त्यामुळे एरवी फॉस्फोथ्रिओनिनमध्ये मिसळून जाणारे फॉस्फोटायरोसिन वेगळे दिसले. पेटन राऊस यांनी १९११ मध्ये वर्णन केलेल्या, कोंबड्यांत अर्बुद निर्माण करणाऱ्या विषाणूतील ‘सार्क’ प्रथिन हेच कार्य करते, हेही लवकरच स्पष्ट झाले. अर्बुदजनक प्रथिन स्वतःच विकर असल्याने ते चयापचयाची कोणती विकरे बदलते, हा प्रश्न पुढे आला.

पायरुव्हेट कायनेज

या प्रश्नाचे एक उत्तर ग्लुकोज-विघटनाच्या अखेरच्या टप्प्यावरील पायरुव्हेट कायनेज या विकरात सापडले. त्याच्या ‘एम-२’ या रूपाकडे जर्मनीतील एरिश आयगेनब्रोट व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच लक्ष वेधले होते. २००८ मध्ये लुईस कँटली यांच्या गटाने मानवी कर्कपेशींतील ‘एम-२’च्या जागी ‘एम-१’ हे रूप आणले. तेव्हा लॅक्टिक आम्लाची निर्मिती घटली, ऑक्सिजनचा वापर वाढला आणि उंदरांत अर्बुद निर्माण करण्याची पेशींची क्षमता कमी झाली. टायरोसिनवर फॉस्फेट जोडल्याने ‘एम-२’ची क्रियाशीलता मंदावते, हे २००९ मध्ये दिसून आले. अखेरचा टप्पा असा मंदावला की आधीच्या टप्प्यांवरील रेणू न्यूक्लिइक आम्ले व अमिनो आम्ले यांच्या निर्मितीकडे वळू शकतात. वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच या कच्च्या मालाचीही गरज असते.

मात्र हे उत्तरही अंतिम नव्हे. २०१३ मध्ये उंदरांतील स्तनार्बुदाच्या एका प्रारूपातून ‘एम-२’ काढून टाकूनही अर्बुदांची वाढ थांबली नाही.

समारोप

वॉरबर्ग यांना जो बिघाड वाटला, तो बऱ्याच अंशी नियंत्रणातील बदल होता. त्यांचा सिद्धान्त नाकारताना निरीक्षणाचीही उपेक्षा झाली, ही या इतिहासातील खरी हानी होय. निष्कर्ष फेटाळला गेला तरी निरीक्षण जपून ठेवावे लागते. तसेच नवे स्पष्टीकरण कितीही सुसंगत भासले, तरी वॉरबर्ग यांच्या सिद्धान्ताला लावलेली कसोटी त्यालाही लावली पाहिजे.