सेंट सोफिया कॅथीड्रल, कीव्ह

युक्रेनची राजधानी कीव्ह येथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाचे प्राचीन प्रमुख चर्च. ‘सोफिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रज्ञा. हे चर्च एखाद्या संत स्त्रीला नव्हे, तर ईश्वरी प्रज्ञेला अर्पण केलेले आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या (आताचे इस्तंबूल) हागिया सोफियाचे नाव कीव्हच्या राजांनी हेतुपूर्वक घेतले. ९८८ मध्ये व्लादीमिर याने बायझंटिन ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आपले नगरही त्या सम्राटनगरीच्या तोडीचे असावे, ही आकांक्षा त्यामागे होती.

जुन्या बखरीत चर्चच्या पायाभरणीची नोंद १०३७ या वर्षाखाली असून पेचेनेग या भटक्या टोळ्यांचा ज्या मैदानावर पराभव झाला, तेथेच व्लादीमिरचा पुत्र यारोस्लाव्ह (कार. १०१९–५४) याने ते बांधले, असे तीत म्हटले आहे. दुसऱ्या एका बखरीत १०१७ हे वर्ष येते. भिंतींवर कोरलेल्या लेखांच्या आधारे काही संशोधक आरंभ १०११ मध्ये, म्हणजे व्लादीमिरच्या हयातीत झाल्याचे मानतात. या वादाचा निर्णय सर्वमान्य झालेला नाही.

मूळ वास्तूत पाच वीथिका व तेरा घुमट होते. ख्रिस्त व त्याचे बारा शिष्य यांचे ते प्रतीक मानले जाते. पातळ विटा व दगड यांचे थर विटांची पूड मिसळलेल्या गुलाबी चुन्यात बसवून भिंती उभारल्या होत्या. आज बाहेरून दिसणारे पांढरे, बरोक शैलीचे रूप सतराव्या-अठराव्या शतकांतील असून घुमटांची संख्या एकोणीस झाली आहे. गिलाव्यात काही ठिकाणी मुद्दाम उघडे ठेवलेले भाग मूळ बांधणी दाखवितात. प्रेक्षकाने प्रथम तेथे थांबावे, म्हणजे एकाच भिंतीत दोन युगे कशी सामावली आहेत, ते ध्यानात येते.

आत प्रवेश करताच दृष्टी गर्भगृहातील प्रार्थनामग्न मेरीच्या (ओरांता) सुमारे सहा मीटर उंचीच्या कुट्टिमचित्राकडे वळते. तिच्या वर स्तोत्रसंहितेतील नगरीच्या अढळपणाविषयीचे वचन ग्रीक लिपीत आहे. अकराव्या शतकातील सु. २६० चौ. मी. कुट्टिमचित्रण व सु. ३,००० चौ. मी. भित्तिलेपचित्रण येथे टिकून आहे. मध्यवीथीत यारोस्लाव्हच्या कुटुंबाचे चित्र आहे. त्यातील राजाची मधली आकृती नष्ट झाली असली, तरी १६५१ मध्ये वेस्टरफेल्ट या डच चित्रकाराने केलेल्या रेखाटनावरून तिची कल्पना येते. यारोस्लाव्हच्या मुली फ्रान्स, नॉर्वे व हंगेरी येथील राजांना दिलेल्या होत्या. मनोऱ्यांतील जिन्यांवर मात्र धार्मिक विषय नाहीत. तेथे कॉन्स्टँटिनोपलच्या शर्यती, वादक, कसरतपटू व शिकारीची दृश्ये आहेत. राजपरिवार याच जिन्यांनी वरच्या सज्ज्यात जात असे.

भिंतींवर भाविकांनी कोरलेले शेकडो लेख इतिहासदृष्ट्या अमोल आहेत. एकात यारोस्लाव्हच्या मृत्यूची नोंद असून दुसऱ्यात एका राजघराण्यातील स्त्रीने बोयान याची जमीन विकत घेतल्याचा व्यवहार साक्षीदारांसह नमूद आहे. सु. सहा टन वजनाच्या संगमरवरी शवपेटीत यारोस्लाव्हचे दफन झाले. ही पेटी २००९ मध्ये उघडली असता त्याच्या अस्थी तीत नसल्याचे आढळले. त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाहीशा झाल्या असाव्यात, असे मानतात.

११६९ मध्ये अंद्रेई बोगोल्यूब्स्की याच्या सैन्याने आणि १२४० मध्ये बातूखानाच्या मंगोल सैन्याने हे चर्च लुटले. त्यानंतर ते दीर्घकाळ जीर्णावस्थेत होते. १६३३ पासून महाधर्माध्यक्ष प्येत्रो मोहिला व पुढे कोसॅक नेता इव्हान माझेपा यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. प्रवेशद्वाराजवळचा चार मजली घंटामनोरा ७६ मी. उंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाकलेली भित्तिलेपचित्रे उजेडात आली, पण त्यांवर तैलरंगांचा नवा थर देण्यात आला. तो काढण्याचे काम विसाव्या शतकात करावे लागले.

सोव्हिएट राजवटीत जवळच्याच सुवर्णघुमटी सेंट मायकेल मठाचे चर्च पाडण्यात आले. त्यातील काही कुट्टिमचित्रे सोफियात आणली गेली. सोफिया मात्र १९३४ मध्ये संग्रहालय म्हणून घोषित झाल्याने वाचले. उपासनेचा हक्क गमावून वास्तू टिकली, हा या इतिहासातील विरोधाभास होय. युक्रेन स्वतंत्र झाल्यावर निरनिराळ्या चर्च-संघटनांनी तिच्यावर हक्क सांगितला, तथापि ती राज्याच्या मालकीचे संग्रहालयच राहिली. १५ डिसेंबर २०१८ रोजी ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेनची स्थापना करणारी धर्मसभा येथेच भरली होती.

कीव्हच्या प्राचीन राज्याला रशिया व युक्रेन दोघेही आपला उगम मानतात, त्यामुळे या वास्तूचा वारसा हा केवळ पुरातत्त्वाचा प्रश्न राहिलेला नाही. युनेस्कोने १९९० मध्ये तिचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. रशियाच्या २०२२ मधील आक्रमणानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त वारशांच्या यादीत झाली आणि जून २०२५ मधील हवाई हल्ल्याच्या हादऱ्याने मुख्य गर्भगृहाच्या बाहेरील कंगणीस हानी पोहोचली. त्याच गर्भगृहाच्या आतील भिंतीवर ओरांता आहे. लूटमार, उपेक्षा व राजकीय धोरणे यांतून ती सुमारे हजार वर्षे टिकली आहे. काच-तुकड्यांचे ते चित्र चुन्याच्या ज्या थरावर बसविलेले आहे, त्याच्या बळकटीवरच त्याचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.