पुरावा काय? रमाबाईंच्या शंका आणि त्यांच्या दोन शिक्षिका

जव्हारला आलात तर कुणीतरी तुम्हाला शिरपामाळावर नेईलच. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असं सांगतात. आमच्यासारखी विज्ञान शिकलेली मंडळी लगेच विचारतात, पुरावा काय? माळाबद्दल विचारलं तर फार तर सांगणारा वैतागतो. देवाबद्दल विचारलं की मामला अवघड होतो. ख्रिस्ती घरातली मुलं कॉलेजात गेली की वर्गमित्र त्यांना हेच विचारतात, आणि पुष्कळदा ती स्वतःलाही विचारत असतात. अशा वेळी मोठ्यांनी काय करायचं? माझ्या संशोधनात या प्रश्नाची एक जुनी मराठी केस आहे.

आधी नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीतले चित्पावन पंडित. १८४४-४५ च्या सुमारास त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तोही ख्रिस्ती मताच्या विरोधात. पूर्वकर्म मानायचं नाही तर तान्ह्या बाळाला दुःख का? ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही, त्यांचं काय? प्रश्न आजही तेच आहेत, बघा. १८४८ मध्ये याच गोऱ्ह्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी दिलेल्या उत्तरांना वजन आलं ते यामुळेच, असं मला वाटतं. शंका त्यांच्या स्वतःच्या होत्या. आपल्याला ख्रिस्ताकडे वळवण्याचं श्रेय पंडिता रमाबाईंनी त्यांनाच दिलंय.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा, इंग्लंडमधल्या वाँटेजचा. त्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला गेल्या. संस्कृत शिकवतही होत्या. आणि खरा वाद सुरू झाला तो बाप्तिस्म्यानंतर! त्रैक्याचा सिद्धांत बायबलात थेट कुठे आहे? क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन, ज्यांना 'आजीबाई' म्हटलं जाई, यांना हा गर्व वाटला. चर्चचा अधिकार मान, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी अंडी घातलेलं पुडिंग नाकारलं, तर त्यातही त्यांना गर्वच दिसला. रमाबाईंचं उत्तर साधारण असं: भटजींचं जोखड नुकतंच कष्टाने उतरवलंय, आता दुसरं घेणार नाही.

कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांचा सूर वेगळा होता. त्या स्वतः काही वर्षांपूर्वीच श्रद्धेच्या संकटातून गेल्या होत्या. नुसत्या अधिकारावर ही बाई काही स्वीकारणार नाही, तिला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू द्या, असं त्यांनी जेराल्डाइनना कळवलं. रमाबाईंच्या शंकांना त्यांनी पत्रांतून मुद्देसूद उत्तरं दिली. हा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला. मिळाला तर जरूर वाचा. जेराल्डाइनबाईंची चिडचिड वाचताना हसू येतं, पण त्यांची काळजीही खोटी वाटत नाही.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, शंका बरोबर घेऊनच. ख्रिस्ती मात्र राहिल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला बसल्या. ते काम १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत चाललं होतं.