त्रिफळाचीत आणि मॅक्झिमम

नववीच्या एका विद्यार्थ्याने ‘मी पाहिलेला सामना’ या निबंधात लिहिले होते, ‘मग त्याने एक मॅक्झिमम मारला.’ मी तांबड्या शाईने तो शब्द खोडून वर ‘षटकार’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. पोराने वही पाहिली आणि अगदी नम्रपणे विचारले, “सर, मग त्रिफळाचीत म्हणजे हिरडा, बेहडा नि आवळकाठी खाऊन पडला का?” वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी आल्यावरही तो प्रश्न पाठ सोडीना.

कारण पोराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपली क्रिकेटची परिभाषा बरीचशी उसनवारीची. गोलंदाज हा मूळचा तोफखान्यातला गडी. ‘अंदाज’ हा फारसी प्रत्यय, त्याचा अर्थ फेकणारा. त्या न्यायाने फलंदाज म्हणजे फळी फेकणारा ठरतो, आणि खरोखरच कोणी फळी फेकली तर पंच काय म्हणतील ते निराळेच! ‘चीत’ आला तो कुस्तीच्या हौद्यातून. परंतु बाळ ज. पंडितांसारखे समालोचक आकाशवाणीवरून मराठीत धावते वर्णन करू लागले, तेव्हा ऐकणाऱ्यापुढे चित्र नव्हते; जे काही दिसायचे ते शब्दातूनच. ‘पायचीत’ म्हणताच पाय मध्ये आला आणि गडी गेला, हे घरबसल्या कळे.

षटकाची गोष्ट मात्र जरा अडचणीची आहे. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत षटक आठ चेंडूंचे असे. विजय हजाऱ्यांनी १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा काढल्या, त्या असल्या आठ चेंडूंच्या ‘षटकां’ना तोंड देऊन. शुद्धतेचा आग्रहच धरायचा तर तिथे ‘अष्टक’ म्हणावयास हवे होते. म्हणजे माझ्या तांबड्या शाईचाही अधिकार तसा लंगडाच.

मग ‘मॅक्झिमम’ का खटकतो? तो इंग्रजी आहे म्हणून नव्हे. ‘सिक्सर’ही इंग्रजीच, पण तिच्यावर माझा मुळीच राग नाही. २००८ साली सुरू झालेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या पहिल्या काही वर्षांत षटकाराला प्रायोजकाचे नाव जोडून ‘मॅक्झिमम’ म्हणत. चेंडू प्रेक्षकांत पडला की जाहिरात झाली! पुढे प्रायोजक बदलले, शब्द तेवढा मागे राहिला. चेंडू कुठून उडाला, कुठे पडला, यातले काहीच तो सांगत नाही. शिवाय तो हिशेबातही चुकतो. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादेत विजय हजारे करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एकाच षटकात सात षटकार मारले. त्यांतला एक नो-बॉलवर होता. त्या एका चेंडूने महाराष्ट्राला सात धावा दिल्या, आणि षटकाच्या झाल्या त्रेचाळीस. मग मॅक्झिमम कुठला म्हणायचा?

जाता जाता एक गंमत. क्रिकेटचे नियम करणाऱ्या मेरिलबोन क्लबाने २०२१ साली ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला, स्त्रियाही खेळतात म्हणून. आपल्याला तशी तसदी पडली नाही. स्मृती मानधनाही फलंदाजच.

दुसऱ्या दिवशी हे सारे मी वर्गात सांगितले. ऋतुराजचे नाव येताच मागच्या बाकांवरही कान टवकारले गेले. तास संपल्यावर त्या पोराला अर्धा गुण परत दिला, प्रश्न चांगला विचारला म्हणून. ‘मॅक्झिमम’वरची तांबडी रेघ मात्र तशीच ठेवली.